पाण्यात पाहणारे पालक

मी नऊ वर्षांचा असताना मामाने मला विहिरीत ढकललं. वैर नव्हतं, पोहायला शिकवायचं होतं. वाळवा तालुक्यातली त्याची विहीर, मे महिन्यातली दुपार, काठावर झाडून सगळी मामे-मावस भावंडं आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला मामा. ढकलण्याआधी त्याने सिद्धांतही सांगितला होता, "पाण्यात पडलं की आपोआप येतंय." मी पडलो. आपोआप पाणी तेवढं आलं, नाकातोंडात. बाकी काही आलं नाही. दोन गटांगळ्या झाल्यावर मामानेच मागोमाग उडी टाकली, बखोटीला धरून मला पायरीवर आणून ठेवलं आणि काठाकडे बघत ओरडला, "बघा, कसं हातपाय मारायला लागलं पोरगं!"

त्या दिवसापासून आजतागायत मला पोहता येत नाही. मामाच्या हिशेबात मात्र मी त्याने शिकवलेल्या पोरांत मोडतो.

या सिद्धांताची गंमत अशी, की तो सांगणारे सगळे पोहता येणारे असतात. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये कुठेही पोहण्याचा विषय निघाला, की एक जण हमखास छाती पुढे काढून म्हणतो, "आम्हाला कुठले आलेत क्लास? काकांनी नदीत फेकलं आणि आलो पोहत." ऐकणारे माना डोलावतात. फेकलं आणि आलं नाही, ती माणसं असल्या गप्पांत गप्प असतात. ती चाळिशीत जलतरण तलावाच्या गॅलरीत मुलांचे टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली सापडतात.

मी बँकेत आहे, वसुली खात्यात. बुडण्याशी माझा संबंध बरीच वर्षं निव्वळ व्यावसायिक होता आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा होती. पण कन्या सात वर्षांची झाली, वार्षिक परीक्षा संपली आणि बायकोने जाहीर केलं, "हिला यंदा पोहायला घालायचं." मराठीत मुलांना शाळेत घालतात, गाण्याला घालतात, पोहायलाही घालतात. लोणचं घालतात तसंच. एकदा घातलं की मुरेल, असा त्यामागे विश्वास असतो.

खरं तर आपली भाषाच पाण्याला भ्यायलेली आहे. आपल्याकडे पैसे बुडतात, कंपन्या बुडतात, पोरं शाळा बुडवतात. केल्या कामावर पाणी फिरतं, डोक्यावरून पाणी जातं, प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजलं जातं. बुडत्याचा पाय खोलात जातो आणि आधाराला मिळते ती काडी. पट्टीच्या पोहणाऱ्याचं कौतुक करावं, तर तोच पाण्यात मरतो असंही कुणीतरी लगेच बजावून सांगतं. ज्याचं बरं व्हायला नको त्याला आपण पाण्यात पाहतो आणि अगदीच अडलं की देवांना पाण्यात घालतो. एवढं सगळं कानावर घेऊन मोठं झालेलं मूल हसत पाण्यात उतरेल, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

तलावाचं नाव सांगत नाही. मला पुण्यात राहायचं आहे. प्रवेश घेतला, सकाळी साडेसहाची बॅच मिळाली. सामानाची यादी लग्नाच्या बस्त्याएवढी निघाली. पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, कानातले बोळे, नाकाला चिमटा. आमच्या आईने त्यात आपली भर घातली: केसांना खोबरेल, छातीला निलगिरी आणि डब्यात सुंठीच्या वड्या. हे सगळं चढवल्यावर कन्या आरशात बघून म्हणाली, "बाबा, मला पाण्यात जायचंय की अंतराळात?"

पहिल्या बॅचला एक सर होते. सरांना मी पूर्ण पंधरा दिवसांत एकदाही ओलं पाहिलं नाही. इस्त्रीचा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात लांब बांबू. बांबू आधारासाठी होता असं नंतर कळलं; मुलांना तो कळला नव्हता. तीस मुलं कठड्याला धरून ओळीने पाय मारायची, शिट्टी वाजली की थांबायची, पुन्हा शिट्टी, पुन्हा पाय. लांबून पाहिलं तर तलावाला पिठाची गिरणी जोडली आहे असं वाटायचं.

आणि वर आम्ही. गॅलरीत.

ज्याने कुणी तलावाला गॅलरी बांधायची कल्पना काढली, त्याला मुलं नसावीत. शेजारचे एक गृहस्थ मोबाईलवर पोहण्याचे व्हिडिओ पाहून आलेले असायचे आणि खाली पाण्यात असलेल्या मुलाला कोपर किती अंशात वाकवायचं ते वरून सांगायचे. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. मी विचारलं होतं, आम्ही एकमेकांना ओळखून होतो. एक आजी नातवाने डोकं पाण्याखाली घातलं की स्वतः श्वास रोखायच्या आणि तो वर आला की त्याच्याहून मोठ्याने सोडायच्या. एक बाई रोज शेजारच्या मुलीशी तुलना मांडायच्या: "ती बघ, फळी सोडली तिने!" पाण्यात पाहणे या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः प्रयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण सगळ्यांचा मिळून एक घोष होता, आणि त्यात माझाही आवाज होता. "मान वर! मान वर काढ! इकडे बघ, फोटो काढतोय!"

आता यातली मेख सांगतो, जी मला पुढे कळली. माणूस पाण्यावर तरंगतो तो आर्किमिडीजने सांगितलेल्या नियमाने. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेकांचं शरीर तेवढ्याच पाण्यापेक्षा किंचित हलकं भरतं. भानगड या 'किंचित'मध्ये आहे. पाण्याबाहेर राहायला शरीराचा अगदी थोडा भाग मंजूर झालेला असतो. तो नाकातोंडावर खर्च केला तर सगळं जमतं. पण तुम्ही हट्टाने अख्खं डोकं बाहेर काढलंत, तर त्याचं वजन कुणीतरी भरायला हवं. ते पाय भरतात. बँकेच्या भाषेत, शिल्लक मुळात तुटपुंजी, ती सगळी डोक्यावर उधळली की पाय बुडीत खात्यात जमा. पाय खाली गेले की मूल उभं होतं, उभं झालं की घाबरतं, घाबरलं की आणखी मान वर काढतं. त्यातून मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. म्हणजे मी फोटोसाठी मारलेल्या प्रत्येक हाकेला माझी मुलगी एक घोट पाणी पीत होती. माझ्या मोबाईलमध्ये असे सदतीस फोटो आहेत. सगळ्यांत ती माझ्याकडे बघते आहे आणि सगळ्यांत बुडते आहे.

थंडीचा भाग वेगळाच. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं आणि लहान अंग मोठ्या अंगापेक्षा लवकर गार पडतं. कठड्याला धरून आपली पाळी यायची वाट बघणारी ती मुलं जांभळं खाल्ल्यासारखी दिसायची. दात वाजायचे. सर म्हणायचे, "सवय होईल." सरांनी टी-शर्टवर जाकीट घातलेलं असायचं.

आठव्या दिवशी कन्येचं पोट दुखायला लागलं. ही पोटदुखी अत्यंत वक्तशीर होती. पहाटे साडेपाचला सुरू व्हायची आणि बॅचची वेळ टळून गेली की थांबायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "तलावाला जाणाऱ्यांत ही साथ असते एप्रिलात." मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, "मंगळवारी घेऊन ये. ढकलतो."

बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बॅच बदलली.

दुसऱ्या बॅचच्या ताई पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. पहिला फरक हा, की त्या पाण्यात होत्या. दुसरा फरक, गळ्यात शिट्टी नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला पोहायला लावलंच नाही. अडीच फूट पाण्यात मुलांना गोल उभं केलं आणि प्लास्टिकच्या मगाने एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतायला सांगितलं. "शिकेकाईची आंघोळ" असं त्या खेळाचं नाव. ज्या मुलांनी पंधरा दिवस चेहऱ्यावर एक थेंब उडू दिला नव्हता, ती शेजाऱ्याच्या डोक्यावर मग उपडा करायला मिळणार म्हणून स्वतःचं डोकं पुढे करत होती.

मग गुणगुणणं. तोंड मिटायचं, चेहरा पाण्यात घालायचा आणि गाणं गुणगुणायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. पाण्याखाली आरती काय, वाढदिवसाचं गाणं काय आणि लावणी काय, सगळं भुंग्यासारखंच ऐकू येतं. त्यामुळे ओळखता कुणालाच यायचं नाही आणि भांडणं मनसोक्त व्हायची. पण गुणगुणताना हवा नाकातून बाहेर जात राहते, म्हणून पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. नाकाच्या चिमट्याचे पैसे तिथेच वाया गेले. शिवाय मूल श्वास कोंडून धरत नाही. श्वास रोखला की जो जीव घाबराघुबरा होतो, तो प्राणवायू संपल्याने नव्हे. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला धडका देत असतो. तो पाण्यातच बुडबुड्यांनी सोडून दिला, की वर आल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. सर सांगायचे, "श्वास धर, घाबरू नको." एका वाक्यात दोन परस्परविरोधी आज्ञा.

तिसऱ्या दिवशी ताईंनी घरून स्टीलचे चमचे आणले आणि तळाशी टाकले. "चमचा आणेल त्याला चमचा." मुलं तुटून पडली. आणि तळाशी जाईनात. बुड वर यायचं, पाय हवेत, हात पाण्यात चाचपडताहेत, अंग मात्र बुचासारखं परत वर. त्या दिवशी कन्या पायऱ्या धावत चढून आली. ओठ जांभळेच होते, पण बोलणं थांबेना.

"बाबा, बुडताच येत नाही! मी इतका प्रयत्न केला!"

एकतीस वर्षं मी एका विहिरीची गोष्ट मनात घेऊन फिरत होतो. या बातमीवर काय प्रतिक्रिया द्यावी ते मला सुचलं नाही. मी तिला टॉवेल दिला.

आता दहा मिनिटांच्या एका भागाकडे येतो, कारण खरा लढा तिथे झाला. पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमधली शेवटची दहा मिनिटं ताई मुलांना मोकळी सोडायच्या. मोकळी म्हणजे उथळ पाण्यात काहीही करा. ताई आणि त्यांची मदतनीस दोन टोकांना उभ्या राहायच्या, नजर सगळ्यांवर, तोंड बंद. मुलं मगर व्हायची, पाणबुडी व्हायची, एकमेकांच्या पायांतून बोगदे काढायची. तीन मुलांनी पाण्याखाली चहापानाचा कार्यक्रम सुरू केला होता. मांडी घालून बसायचं, कप तोंडाला लावायचा आणि वर येण्याआधी "साखर कमी आहे" म्हणायचं. ते कुणाला ऐकू जायचं नाही, पण म्हटल्याशिवाय वर यायचं नाही असा नियम होता. काठावरून सूर मारायला बंदी, कारण उथळ पाण्यात डोकं तळाला आपटलं तर मान मोडू शकते. एवढी एकच बंदी ताई न थकता बजावायच्या.

गॅलरीला ही दहा मिनिटं सहन होईनात. कोपराचे अंश सांगणाऱ्या गृहस्थांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. पंचेचाळीसपैकी दहा म्हणजे बावीस टक्के वेळ वाया, महिन्याच्या फीचे बावीस टक्के पाण्यात. शिष्टमंडळ ठरलं. मीही होतो. बँकेत असल्यामुळे टक्केवारीला माझी सही हवी होती.

बायको म्हणाली, "जा. जाण्याआधी एवढं वाच." मायकेल फेल्प्सबद्दल होतं. ज्याने ऑलिंपिकची २३ सुवर्णपदकं मिळवली, त्या बाबाजीला सात वर्षांचा असताना चेहरा पाण्यात घालणं अजिबात आवडायचं नाही. म्हणून शिकवणाऱ्यांनी त्याला उताणं पडू दिलं आणि तो आधी पाठीवर पोहायला शिकला. मी म्हणालो, "म्हणजे त्याच्याही गॅलरीत कुणीतरी असणार." ती म्हणाली, "असेल. पण त्याला पाठीवर पडलेलं असताना कानात पाणी असल्यामुळे ऐकू येत नसेल."

शिष्टमंडळाचं म्हणणं ताईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. उद्यापासून बदल करते." दुसऱ्या दिवशी भिंतीवर छापील वेळापत्रक होतं. पहिली पस्तीस मिनिटं: प्राथमिक शिक्षण. शेवटची दहा मिनिटं: वॉटर कॉन्फिडन्स मॉड्यूल. पाण्यात तेच चाललं होतं. मगर, पाणबुडी, साखर कमी आहे. पण गॅलरी समाधानाने बघत होती. एक्सेलवाल्या गृहस्थांनी तर आठवड्याने ताईंना बाजूला घेऊन विचारलं, हे मॉड्यूल पंधरा मिनिटांचं करता येईल का, जास्तीचे पैसे द्यायला ते तयार होते.

त्याच सुमारास ताईंनी आम्हा सगळ्यांना थांबवून गॅलरीतून ओरडायला मनाई केली, पण बरोबर दुसरी एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना त्या हसत नव्हत्या. "ओरडू नका म्हणते याचा अर्थ बघू नका असा नाही. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. श्वासालाच तोंड पुरत नसतं, हाक कुठून मारेल? ते गप्प असतं. म्हणून तोंड बंद ठेवा आणि डोळे उघडे. तुमचं आत्तापर्यंत उलटं चाललंय, तोंड उघडं आणि डोळे मोबाईलमध्ये." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. गॅलरीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. मग आजींनी रोखलेला श्वास सोडला.

एक शंका मला फार दिवस होती, तीही ताईंनीच फेडली. तलावावर क्लोरीनचा तो उग्र वास येतो, तो आला की आम्ही म्हणायचो, वा, आज पाणी एकदम स्वच्छ. तो वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाला आणि त्याच्यासारख्या इतर गोष्टींना भिडला की जे तयार होतं त्याचा तो वास. डोळेही त्यानेच चुरचुरतात. मग मला प्रवेशद्वारावरच्या पाटीचा अर्थ लागला. 'तलावात थुंकणे व तत्सम प्रकार करू नयेत' असं तिथे लिहिलं होतं. महिनाभर मी 'तत्सम'वरून वाचत पुढे जात होतो. सगळा वास त्या एका शब्दात होता.

महिनाअखेर कन्या उथळ बाजूची रुंदी पार करायला लागली. शैली कुठली ते विचारू नका. पुढचा भाग बेडूक, मागचा भाग कुत्रा आणि मधूनच उताणी होऊन आकाश बघत विश्रांती. 'चांदणी' हे त्या उताण्या पडण्याचं नाव. हातपाय पसरायचे, पोट वर, कान पाण्यात. दमलं तर चांदणी, घाबरलं तर चांदणी, कंटाळा आला तरी चांदणी. पोटदुखी कायमची गेली आणि तिच्या जागी भूक आली. पाण्यातून बाहेर आलेली मुलं तलावाबाहेरच्या वड्यांच्या गाडीवर टोळधाडीसारखी उतरायची. तलावाची फी मी एकदाच भरली, वड्यांचे पैसे रोज.

मे महिन्यात आम्ही मामाकडे गेलो. मामा आता सत्तरीला टेकला आहे, पण विहीर तीच. मोट जाऊन मोटार आली, काठाला सिमेंटचा कठडा झाला, पोरांसाठी ट्रॅक्टरची ट्यूब आणि जाड दोर कायम बांधलेला असतो. कन्या गॉगल लावून आली तर मामा म्हणाला, "हे काय गं, वेल्डिंगला चाललीस?"

मग त्याने मुरलीकांत पेटकरांचा विषय काढला. तो निघणारच होता. पेटकर पेठ-इस्लामपूरचे, म्हणजे मामाच्या दृष्टीने घरचे. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण. "त्यांना कुणी शिकवलं? आपल्या मातीतच आहे ते," मामा म्हणाला. बायकोने हळूच सांगितलं, की पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि पोहणं त्यांनी उपचाराचा भाग म्हणून धरलं. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. मामाने क्षणभर विचार केला. "असंल. पण आमच्या अण्णांनी मला ढकललं आणि आलं मला. आपोआप."

तेव्हा आमची आई बोलली. आई मामाहून तीन वर्षांनी मोठी. ती कठड्याला टेकून शेंगा सोलत बसली होती आणि मान वर न करता बोलली.

"कुणी ढकललं रे तुला? दोन उन्हाळे पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधलेला होता तुझ्या पाठीला. अण्णा रोज रात्री तासून तासून तो बारीक करायचे, तुला कळू नये म्हणून. शेवटी पाठीला नुसती दोरी उरली होती. ती सोडायला गेले तर इथं काठावर लोळण घेतलीस. आणि दिवसभर पोहणं कुठलं? मुटके मारायचात नुसते. आई भाकरी घेऊन उभी असायची, तरी वर येत नव्हतात."

विहिरीवर पाण्याच्या मोटारीचा तेवढा आवाज उरला. मामाची नातवंडं आळीपाळीने त्याच्याकडे आणि आईकडे बघत होती. पन्नास-साठ वर्षं चाललेला एक धर्म डोळ्यांदेखत बुडत होता. मामा म्हणाला, "बिंडा होता व्हय?" आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच, "हां. काचायची ती दोरी."

कन्या ट्यूबवर बसून पाण्यात तरंगत होती. माझा मामेभाऊ शेजारी दोर धरून. तिने खालून हाक मारली, "मामाआजोबा, तुम्हाला चांदणी येते?"

आता मामाला सूर येतो, मुटका येतो, तळ गाठून चिखल वर आणता येतो, पण चांदणी येत नव्हती. विहिरीतले पोहणारे आयुष्यभर मान ताठ ठेवून पोहतात. काठावरचं कुणीतरी सारखं बोलत असतं ना. हात थांबले की बुडतो, एवढंच मामाला ठाऊक. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सावरत तो उतरला. कन्येने ट्यूबमधून हात लांब करून त्याच्या मानेखाली तळवा धरला.

"कान बुडवा."

"कानात पाणी जातंय गं."

"जाऊ द्या. येतं ते परत."

काठावर एकदम कल्ला उठला. "पोट वर घ्या, तात्या!" "मान टाका!" "हात पसरा, हात!" "आरं, पाय हलवू नगोस!" सगळ्यात मोठा आवाज आईचा होता. शेंगा सगळ्या सांडल्या होत्या. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण बहुधा इकडे बघ असंच असणार, कारण मोबाईल माझ्या हातात होता.

मामाने कान बुडवले. आधी पोट आलं वर, मग गुडघे, आणि मग पाण्यातून हळूहळू दहा बोटं. कन्येने तळवा काढून घेतला. मामा विहिरीच्या गोल आकाशाकडे बघत पडून राहिला, हात पसरलेले, तोंड थोडं उघडं. आम्ही वरून ओरडत होतो, त्यातलं त्याच्यापर्यंत काही जात नव्हतं. किती वेळ पडला होता कोण जाणे. घड्याळ बघायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी तो कुशीवर वळला, पायरी धरली आणि कानातलं पाणी झटकत वर बघितलं.

"काही म्हणत होता काय रे?"

कुणी उत्तर दिलं नाही. मी दोन्ही टॉवेल घेऊन पायऱ्या उतरत गेलो. खालच्या दोन पायऱ्यांवर पाणी होतं, त्यामुळे चपला काढाव्या लागल्या.